पैसा आधी वेळ विकत घेतो

२०१३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचा एक अंतर्गत कागद बातमीदारांच्या हाती लागला. प्रतिनिधिगृहात नव्याने निवडून आलेल्या खासदारांनी वॉशिंग्टनमधला दिवस कसा आखावा, याचं ते नमुना वेळापत्रक होतं. मतदारांच्या भेटींना एक ते दोन तास. समितीच्या आणि सभागृहाच्या कामाला दोन तास. देणगीसाठी फोन करायला चार तास. सरकारी कार्यालयात बसून निधी गोळा करायला तिथे कायद्याने बंदी आहे. म्हणून खासदार उठून जवळच्याच पक्ष कार्यालयात जातात, समोर नावांची यादी घेतात आणि एकेक नंबर लावत बसतात. दोन्ही मोठ्या पक्षांत हेच चालतं.

यात बेकायदा काही नाही. तरी राजकारणात पैसा नेमकं काय करतो हे समजून घ्यायचं असेल, तर मला हा कागद कुठल्याही घोटाळ्याच्या बातमीपेक्षा जास्त बोलका वाटतो. रोज चार तास फोनवर असणारा माणूस कोणाशी बोलतो? ज्यांना मोठा धनादेश देणं परवडतं त्यांच्याशी. मग त्यांच्या तक्रारी, त्यांच्यावरचे कर, त्यांच्या धंद्यातल्या अडचणी रोज त्याच्या कानावर पडतात. सरकारी दवाखान्यातली रांग किंवा थकलेलं निवृत्तिवेतन हे उरलेल्या तास-दोन तासांत कळलं तर कळलं. ‘अमुक बाजूने मत दे’ असं त्याला कोणीही सांगितलेलं नसतं. पण लोकांचं म्हणणं काय आहे याबद्दलची त्याची समजूतच हळूहळू बदलत जाते.

पैसा आणि राजकारण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाकीट येतं. पाकीट दिलं, काम झालं. तसंही होतं, आणि कधी कधी अगदी पद्धतशीरपणे होतं. ब्राझीलच्या ओडेब्रेक्ट या बांधकाम कंपनीने लाच देण्यासाठी स्वतंत्र विभागच चालवला होता. बारा देशांत मिळून सुमारे ७८ कोटी ८० लाख डॉलर लाच दिल्याचं तिच्याविरुद्धच्या खटल्यात डिसेंबर २०१६ मध्ये समोर आलं आणि कंपनीने गुन्हा कबूल केला. पण लाच हा गुन्हा आहे. तिच्यासाठी तपास यंत्रणा आहेत, न्यायालयं आहेत, तुरुंग आहे. खरी अवघड गोष्ट म्हणजे कायदेशीर पैसा. तो पावती घेऊन येतो, हिशोबात दिसतो, आणि तरीही कारभाराची दिशा वळवतो.

ही दिशा कशी वळते, ते एका प्रयोगात जवळून पाहता येतं. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन या दोन राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी तो २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. एका संघटनेला एका विधेयकासाठी खासदारांचा पाठिंबा हवा होता. तिने १९१ खासदारांच्या कार्यालयांकडे भेटीची वेळ मागितली. संघटनेचे काही सभासद भेटायला येतील, असं विनंतीत लिहिलं होतं. फरक एवढाच ठेवला होता की काही कार्यालयांना ‘तुमच्या मतदारसंघातले लोक येणार आहेत’ असं कळवलं, आणि काहींना ‘देणगीदार येणार आहेत’ असं. कुठल्या कार्यालयाला कुठलं पत्र जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. येणारी माणसं प्रत्यक्षात दोन्हीकडे एकाच प्रकारची होती. तरी ‘देणगीदार’ हा शब्द वाचलेल्या कार्यालयांत खुद्द खासदाराची किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याची भेट मिळण्याचं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं. बाकीच्यांची बोळवण बहुतेक वेळा कनिष्ठ कर्मचाऱ्याने केली.

भेट झाली म्हणजे काम झालं, असं अर्थातच नाही. पण कायदा कसा लिहिला जातो हे लक्षात घेतलं, की भेटीची किंमत कळते. मोठ्या कायद्याचं नाव आणि उद्देश सगळ्यांना माहीत असतात, त्यावर चर्चा झडतात. कोणाला किती फायदा होणार, हे मात्र पोटकलमांत ठरतं. व्याख्येत एक शब्द वाढतो, अंमलबजावणीची तारीख दोन वर्षं पुढे जाते, एका प्रकारच्या उत्पन्नाला वेगळा दर लागतो. ही वाक्यं लिहिली जात असताना त्या खोलीत ये-जा असलेला माणूस आणि कायदा मंजूर झाल्यावर वर्तमानपत्रात वाचणारा माणूस, यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अमेरिकेतलंच एक उदाहरण देतो. खासगी गुंतवणूक निधी चालवणाऱ्या व्यवस्थापकांना नफ्यातला जो वाटा मिळतो, त्यावर पगारासारखा कर न लागता बराचसा भांडवली नफ्याचा कमी दर लागतो. ही सवलत काढून टाकण्याची भाषा दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांनी केली आहे. २०२२ मध्ये ती आवळणारी तरतूद एका मोठ्या विधेयकात आलीही. शंभर जणांच्या सिनेटमध्ये सत्ताधाऱ्यांकडे पन्नासच मतं होती, म्हणजे एकही गमावून चालणार नव्हतं. त्यातल्या एका सदस्याच्या आग्रहाखातर ती तरतूद वगळण्यात आली. देणगीमुळेच असं घडलं, हे यातून सिद्ध होत नाही. अशी गोष्ट सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं, हीच तर अडचण आहे. पैशाचा प्रभाव बहुतेक वेळा न झालेल्या गोष्टींत असतो. न आलेलं विधेयक, समितीतच राहून गेलेला प्रस्ताव, शेवटच्या रात्री गळलेलं कलम. यांची बातमी होत नाही, म्हणून मतदाराला त्यांचा राग येण्याचाही प्रश्न येत नाही.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की मग निवडणुका विकतच घेता येतात. तेही खरं नाही. अमेरिकेतले अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी पदरचे सुमारे १०० कोटी डॉलर ओतले. हाती आला तो अमेरिकन समोआ या छोट्या बेटसमूहातला विजय, आणि मार्चमध्ये ते शर्यतीतून बाहेर पडले. जिंकलेल्या उमेदवाराने बहुतेक वेळा जास्त खर्च केलेला असतो हे खरं. पण त्यातला काही भाग असा, की जिंकण्याची शक्यता ज्याची जास्त, त्याच्याकडेच देणगीदार आधी धावतात. नाव आधीच घराघरांत पोचलेलं असेल तर जाहिरातीचा पुढचा कोटी फार काही करत नाही.

पैशाचं वजन सगळ्यात जास्त जाणवतं ते मतदानाच्या कितीतरी आधी, तिकीट वाटपाच्या वेळी. ‘किती खर्च करू शकाल?’ हा प्रश्न जिथे उमेदवारीच्या मुलाखतीत विचारला जातो, तिथे मतपत्रिका छापण्याआधीच अर्धी निवडणूक झालेली असते. शाळेतली शिक्षिका, परिचारिका, बस चालवणारा माणूस यांना वर्षभर पगार सोडून प्रचार करणं परवडत नाही, आणि पैसेवाल्यांच्या ओळखीही नसतात. ते हरत नाहीत, ते उभेच राहत नाहीत. मतदार उरलेल्यांतून स्वतंत्रपणे निवड करतो, आणि आपली निवड पूर्ण मोकळी होती असं त्याला वाटतं. लोकशाहीचं सगळ्यात मोठं नुकसान मला इथे दिसतं. याचा कुठेही हिशोब लागत नाही, म्हणून ते जास्तच डाचतं.

प्रभावासाठी आज रोख पैसा द्यावाच लागतो असंही नाही. उद्याच्या नोकरीचा शब्दही पुरतो. जॅक अब्रामॉफ या वॉशिंग्टनमधल्या मध्यस्थाला २००६ मध्ये भ्रष्टाचाराच्या प्रकरणात शिक्षा झाली. सुटून आल्यावर २०११ मधल्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्याने आपली रीत उघड सांगितली. खासदाराच्या कार्यालयातल्या कामाच्या माणसाला तो एवढंच म्हणे, की इथलं काम संपलं की आमच्याकडे ये. त्या क्षणापासून ते कार्यालय आपलं झालं, असं त्याचं म्हणणं. त्या माणसाला पुढे काही सांगावं लागत नसे, आपल्या भावी मालकाला काय आवडेल याचा विचार तो स्वतःच करू लागे. म्हणूनच अनेक देशांत मंत्री आणि अधिकारी पद सोडल्यावर ठरावीक काळ संबंधित उद्योगात काम करू शकत नाहीत असे नियम आहेत. ते किती काटेकोरपणे पाळले जातात, हा वेगळा प्रश्न.

आता कायद्यांकडे वळू. कायदा तीन ठिकाणी हात घालू शकतो : कोण किती देऊ शकतो, कोण किती खर्च करू शकतो, आणि दिलेलं कोणाला दिसतं.

अमेरिकेने कंपन्यांना राष्ट्रीय निवडणुकीत थेट देणग्या द्यायला १९०७ सालीच बंदी घातली. वॉटरगेट प्रकरणानंतर, १९७४ मध्ये, देणगी आणि खर्च दोन्हींवर कडक मर्यादा आल्या. १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलेओ या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची फारकत केली. उमेदवाराला मोठी रक्कम दिली तर देवाणघेवाणीचा धोका असतो, म्हणून देणगीवरची मर्यादा योग्य. पण आपलं म्हणणं लोकांपर्यंत पोचवायला पैसा लागतोच, तेव्हा खर्चावर मर्यादा म्हणजे बोलण्यावर मर्यादा, म्हणून ती रद्द. उमेदवाराने स्वतःच्या खिशातून हवं तेवढं खर्च करावं, तेही मोकळं. मग जानेवारी २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेड खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असं ठरलं, की उमेदवाराशी संगनमत न करता, स्वतंत्रपणे केलेल्या प्रचारावर कंपन्या आणि कामगार संघटनाही कितीही खर्च करू शकतात. पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या एका निकालाने हव्या तेवढ्या देणग्या घेऊन असा स्वतंत्र प्रचार करणाऱ्या ‘सुपर पॅक’ नावाच्या समित्यांचा मार्ग खुला झाला. म्हणून आज चित्र असं आहे, की २०२४ च्या निवडणुकीत एक नागरिक एका उमेदवाराला एका फेरीसाठी ३,३०० डॉलरपेक्षा जास्त देऊ शकत नव्हता. त्याच निवडणुकीत इलॉन मस्क यांनी मुख्यतः अशा स्वतंत्र समित्यांमार्फत २५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम लावली. दोन्ही गोष्टी कायदेशीर.

बोलण्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा मला हलका वाटत नाही. सरकारलाच कोणी किती बोलावं हे ठरवू दिलं, तर ते आधी विरोधकांचं तोंड बंद करेल, ही भीती रास्त आहे. पण या निकालांनी भ्रष्टाचाराची व्याख्या फार अरुंद केली. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने घेतलं, असं स्पष्ट दिसलं तरच भ्रष्टाचार, असं त्यांनी धरलं. वेळ, ओळख, ऋणाची जाणीव हे त्या व्याख्येत बसतच नाही.

खर्चावर मर्यादा घालण्याचा मार्ग ब्रिटनने १८८३ मध्येच धरला. १८८० ची निवडणूक अतोनात खर्चिक झाली होती. नव्या कायद्याने प्रत्येक उमेदवाराच्या खर्चाला मतदारसंख्येनुसार मर्यादा घातली आणि हिशोब देणं सक्तीचं केलं. मतदारांना ने-आण करण्यासाठी गाड्या भाड्याने घेण्यावरही बंदी आली. खर्च खरोखर खाली आला. तिथे रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करता येत नाही, पक्षांना ठरावीक वेळ मोफत मिळतो. एवढ्या एका नियमाने प्रचाराचा सगळ्यात महागडा भाग गळून पडतो.

भारतातही मर्यादा आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये, विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख. पण ही मर्यादा उमेदवाराची, पक्षाची नाही. पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि प्रमुख प्रचारकांचा प्रवास यात धरला जात नाही. ही वाट बंद करण्याचा प्रयत्न एकदा झाला होता. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरला पाहिजे. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून तो निकाल निष्प्रभ केला. नियम बनवणारे आणि नियम ज्यांना लागू होतात ते एकच असले की असं घडतं, आणि या विषयात हे जगात सगळीकडे घडतं.

तिसरा मुद्दा दिसण्याचा. माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचा सगळ्यात स्पष्ट धडा भारताच्या निवडणूक रोख्यांनी दिला आहे.

२०१७ च्या वित्त कायद्याने वाट केली आणि जानेवारी २०१८ मध्ये योजना लागू झाली. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून एक हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंतचे रोखे विकत घ्यायचे आणि पक्षाला द्यायचे. पक्षाने ते १५ दिवसांत वटवायचे. रोख्यावर घेणाऱ्याचं नाव नाही. पक्षाने कोणाकडून आले ते जाहीर करायचं नाही. शिवाय कंपन्यांना आधी असलेली मर्यादा, म्हणजे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के, तीही काढून टाकली. तोट्यातल्या कंपनीलाही हवी तेवढी देणगी देता येऊ लागली. समर्थनाचा मुद्दा असा होता, की पैसा रोखीऐवजी बँकेतून येईल, आणि नाव गुप्त राहिल्यामुळे देणगीदारावर दुसरा पक्ष सूड उगवणार नाही.

पण गुप्तता सगळ्यांसाठी सारखी नव्हती. बँक सरकारी. घेणाऱ्याची ओळखपत्रं बँकेकडे. प्रत्येक रोख्यावर एक क्रमांक होता, जो साध्या डोळ्यांना दिसत नसे, अतिनील प्रकाशात दिसे. म्हणजे अंधार फक्त मतदारासाठी होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने योजना रद्द केली. मतदाराचा माहितीचा हक्क हा त्यातला मुख्य मुद्दा. पण निकालातला दुसरा एक विचार मला त्याहून मोलाचा वाटतो : देणगी देणाऱ्याला निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलाशी जागा मिळते आणि त्या जवळिकीतून धोरणावर प्रभाव पडतो, हे न्यायालयाने स्पष्ट मान्य केलं. अमेरिकन न्यायालयाने जे व्याख्येबाहेर ठेवलं, ते इथे आत आलं.

बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती. न्यायालयाने ती नाकारली. याद्या १४ मार्चला आणि जुळवणीसाठी लागणारे क्रमांक २१ मार्चला जाहीर झाले. सहा वर्षांत १६ हजार कोटी रुपयांहून जास्त रक्कम या वाटेने गेली होती, त्यातला सगळ्यात मोठा वाटा केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाला मिळाला होता. राज्याराज्यांत सत्तेवर असलेल्या इतर पक्षांनाही मोठ्या रकमा मिळाल्या होत्या. तपास यंत्रणांच्या छाप्यांच्या आणि कंत्राटांच्या तारखांशी रोख्यांच्या तारखा जुळवून पाहण्याचं काम पत्रकारांनी लगेच सुरू केलं, आणि काही ठिकाणी त्या लागोपाठ निघाल्या. तारखा जवळ असणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नाही. पण प्रश्न विचारायला ती पुरेशी जागा आहे, आणि सहा वर्षं ती जागाच मतदाराला दिलेली नव्हती. २०१९ मध्ये ज्याने लोकसभेसाठी मत दिलं, त्याला कोणाच्या मागे कोण उभं होतं हे पाच वर्षांनी, तेही अर्धवटच कळलं.

खासगी पैसा नको, तर मग निवडणुकीला सरकारनेच पैसा द्यावा का? जर्मनीत पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात सरकारी निधी मिळतो, आणि शिवाय सामान्य माणसांकडून जमवलेल्या छोट्या देणग्यांवर प्रत्येक युरोमागे ४५ सेंट. पक्षाने स्वतः जितकं जमवलं, त्यापेक्षा जास्त सरकारी पैसा मात्र मिळत नाही, म्हणजे लोकांशी संबंध तोडून चालत नाही. ब्राझीलमध्ये २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या देणग्या बंद केल्या आणि २०१७ मध्ये सरकारी निवडणूक निधी उभा राहिला. तो वाटण्याचा अधिकार पक्षाच्या वरिष्ठांकडे आहे, त्यामुळे श्रेष्ठींची पकड आणखी आवळली गेली. पैसा कुठून येतो एवढंच पाहून भागत नाही, तो पक्षात कोणाच्या हातून सुटतो तेही पाहावं लागतं.

मला सगळ्यात आश्वासक वाटतो तो अमेरिकेतल्या सिअॅटल शहराचा प्रयोग. २०१५ मध्ये मतदारांनी कौल दिला आणि २०१७ पासून तिथल्या रहिवाशांना प्रत्येकी २५ डॉलरची चार कुपनं घरपोच मिळू लागली. ती स्वतः वापरता येत नाहीत, आपल्या पसंतीच्या स्थानिक उमेदवाराला द्यायची. घेणाऱ्या उमेदवाराने खर्चाच्या मर्यादा पाळायच्या. ज्यांनी आयुष्यात कधी देणगी दिली नव्हती असे हजारो लोक देणगीदार झाले, आणि उमेदवारांना त्यांच्या दारी जाणं फायद्याचं ठरलं. बाहेरचा स्वतंत्र खर्च मात्र यानेही थांबला नाही. २०१९ मध्ये अॅमेझॉनने तिथल्या नगर परिषद निवडणुकीत सुमारे १५ लाख डॉलर लावले. त्या पैशाने पाठिंबा दिलेले बहुतेक उमेदवार हरले.

कुठल्याही देशातल्या देणग्यांची यादी समोर आली, की एकूण आकड्यावर फार थांबू नये. आधी तारीख पाहावी : रक्कम कोणत्या निर्णयाच्या, निविदेच्या किंवा चौकशीच्या आगेमागे आली. मग नाव पाहावं : देणारी संस्था खरोखर काही धंदा करते का, की दुसऱ्या कोणाचा पैसा पुढे ढकलण्यापुरती उभी आहे. मग हे पाहावं, की तोच देणगीदार एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या दोन्ही पक्षांना देतो आहे का. विचार पटला म्हणून देणगी देणारा असं सहसा करत नाही. आणि ही यादी मतदानाच्या आधी हाती आली की नंतर, हे तर सगळ्यात आधी.